बाटली आपटल्यावर बर्फ व्हायला हवा, पण माझी आधीच गोठते नाहीतर गोठतच नाही : नक्की कुठे चुकतंय

मे महिना लागला, पोरांच्या सुट्ट्या सुरू झाल्या की मला ठराविक दोन तक्रारी ऐकायला मिळतात. पहिली, "ताई, ती बाटली आपटून बर्फ करायची ना, ती केली, पण फ्रीझर उघडला तर बाटली आधीच दगड." दुसरी बरोबर उलटी, "ताई, चार वेळा आपटली, पाणी आपलं पाणीच, पोरं हसायला लागली." मी कोथरूडला आमच्या सोसायटीत रविवारी मुलांना घेऊन असले उद्योग करते आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची दोन वर्षं माझंही हेच व्हायचं, एकदा तर गणपतीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर बाटली आपटली आणि ढिम्म काही झालं नाही, शेवटी समोर बसलेल्या एका काकूंनी "अगं गार आहे ना, मग दे पोरांना प्यायला" म्हणून माझी सुटका केली.

आधी काय व्हायला हवं ते थोडक्यात सांगते, त्याशिवाय बिघाड शोधता येत नाही. बंद बाटलीतलं पाणी गोठू न देता शून्याच्या खाली गार करायचं (याला सुपरकूलिंग म्हणतात) आणि मग आपटून त्याचा एकदम बर्फ करायचा, हा तो खेळ. पाणी शून्याला गोठतं असं आपण शाळेत शिकतो, पण नीट बोलायचं तर शून्याला बर्फ वितळतो, पाण्याला गोठायचं असेल तर कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. दह्याला विरजण लागतं तसंच. इथे विरजण म्हणजे बर्फाचाच एखादा कण, नाहीतर धुळीचा असा कण ज्याच्यावर बर्फाला पाय रोवता येतो. विरजण नसेल तर पाण्याचे रेणू आपले आपण जुळून बारीकसा ठिपका करतात पण तो लगेच मोडतो, कारण एवढ्याशा ठिपक्याला स्वतःचा पृष्ठभाग सांभाळायचा खर्च परवडत नाही, काही नॅनोमीटरच्या पुढे गेला तरच तो टिकतो आणि मग वाढतच सुटतो. पाणी जितकं जास्त गार तितका हा टिकायचा आकार लहान होत जातो, म्हणून कधी ना कधी ते गोठतंच. अगदी स्वच्छ पाण्याचे सूक्ष्म थेंब मायनस ३८ च्या आसपासपर्यंत पातळ राहतात. आपल्या घरच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत मायनस ५ ते मायनस ८ मिळालं तरी पुष्कळ झालं, तेवढ्यात खेळ होतो.

हे काही नवीन नाही बरं का. तापमानाच्या मापाला ज्याचं नाव आहे त्या फॅरनहाइटने १७२४ साली हे लिहून ठेवलंय, पाणी भरून बंद केलेला काचेचा फुगा त्याने रात्रभर थंडीत ठेवला, तापमान त्याच्या मापाने १५ अंश म्हणजे आपल्या मायनस ९ च्या जवळ, सकाळी बघतो तर पाणी पातळच, आणि काचेचं टोक मोडल्याबरोबर आत बर्फ. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी, फ्रीझर नसताना, जमलेलं आहे.

आता मुद्दा. पहिली तक्रार आली की प्रत्येक जण पाणी बदलत बसतो. आरओचं घेतलं, उकळून घेतलं, दोनदा उकळलं, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, महागडी बाटली आणली. मी पण हेच केलं. पाण्याने फरक पडतो, नाही असं नाही, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट नळातून घेतलंत तर त्यात बारीक गाळ असतो, शेवाळ असतं, काही जिवाणू तर असे आहेत की मायनस २ च्या आसपासच बर्फाला सुरुवात करून देतात. पण सीलबंद बाटलीतलं साधं पिण्याचं पाणी घेतलंत की पाण्याचा प्रश्न बऱ्यापैकी संपला, त्याच्यापुढे पाणी शुद्ध करत बसण्यात अर्थ नाही. आणि क्षार विरघळलेले असले तर ते विरजणाचं काम करत नाहीत, उलट गोठणबिंदू किंचित खालीच नेतात. विरघळलेलं वेगळं आणि तरंगणारं वेगळं, एवढं डोक्यात ठेवा.

त्यापेक्षा एक काम करा. बाटली गोठली म्हणून वैतागून वितळायला ठेवायच्या आधी ती उजेडासमोर धरा आणि बर्फ कुठून सुरू झालाय ते बघा. अर्धवट गोठलेली सापडली तर फारच उत्तम. माझे बहुतेक बिघाड मला यानेच सापडले.

बर्फ मानेशी, झाकणाखाली असेल तर पाण्याचा दोष नाहीच. बाटली आणताना, ठेवताना हलते, मानेला आतून चार थेंब चिकटतात. थेंब केवढासा, तो बघता बघता फ्रीझरच्या हवेइतका गार होतो, म्हणजे मायनस १८ च्या जवळपास, तिथे तो गोठतो, वर वाफेचं भुरभुरीत बर्फ चढतं, आणि मग त्यातला एक कण खाली पाण्यात पडला की झालं विरजण. ज्यांनी गुलाबजामचा पाक केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, पाक उकळताना पातेल्याच्या कडेला जे शिंतोडे उडतात ते सुकून त्याची साखर होते आणि तीच परत पाकात पडली की सगळा पाक साखरतो, म्हणून तर आपण कडा ओल्या फडक्याने पुसून घेतो. इथेही मान म्हणजे पातेल्याची कडा. मी काय करते, बाटल्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उभ्या ठेवते, सकाळपर्यंत मानेचे थेंब बरेचसे उतरलेले असतात, मग अजिबात आडवी न करता अलगद उचलून फ्रीझरमध्ये, आणि मानेवर जुना पायमोजा चढवायचा. हसू नका, पायमोजाने माझं अर्धं काम झालं. मान उशिरा गार होते, खालचं पाणी आधी.

बर्फ तळाशी किंवा एकाच बाजूला चिकटून असेल तर ती बाजू कशाला टेकली होती ते आठवा. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये, म्हणजे डायरेक्ट कूलमध्ये, फ्रीझरच्या पत्र्यातच थंडाईच्या नळ्या असतात, तो पत्रा आतल्या हवेपेक्षा कितीतरी गार असतो, त्याला टेकलेली बाटलीची बाजू मायनस १० च्या खाली गेलेली असते तेव्हा मधलं पाणी जेमतेम शून्यावर असतं. अशा वेळी सरासरी तापमानाला काही अर्थ नाही, सगळ्यात गार जी जागा असेल तीच ठरवते. खाली थर्मोकोलचा तुकडा किंवा चार घड्या घातलेला नॅपकिन, बाजूंनी दोन बोटं मोकळी जागा, बास. आणि पत्र्यावर बर्फाचा थर जमलेला असेल तर आधी डिफ्रॉस्ट करा, त्या थरात बाटली रुतवू नका.

तळाशी पांढरा गाळ दिसला आणि तिथूनच सुया निघाल्यासारखा बर्फ असेल, तेव्हा मात्र पाणी बदला. बाटली जुनी, खरवडलेली, ब्रशने घासलेली असेल तर तीही बदला.

आणि अख्खी बाटली सगळीकडून सारखी गोठली असेल, सुरुवात कुठे झाली काही कळतच नसेल, तर तुम्ही फक्त उशीर केलात. यात दुसरं काही नाही.

उशिराचंच सांगते, कारण "किती वेळ ठेवायची" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि त्याचं उत्तर मी देत नाही. माझ्या फ्रीझरमध्ये अर्ध्या लिटरला सव्वादोन तास लागतात, तुमच्यात तेवढेच लागतील याची काही खात्री नाही. एवढंच काय, माझ्यातसुद्धा रोज तेवढेच लागत नाहीत. मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी ३५ अंशाला येतं, हात पोळतो, ते भरून थेट फ्रीझरमध्ये ठेवलं तर मायनस ६ ला यायला फ्रीजमधल्या ८ अंशाच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. मग काल जमलं, आज नाही जमलं, असं होणारच. म्हणून सगळ्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये, म्हणजे सुरुवात तरी सारख्या तापमानाला होते (मानेचे थेंब पण उतरतात, एका दगडात दोन पक्षी).

मग एका संध्याकाळी बसून आपल्या फ्रीझरची वेळ काढायची. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या पाच बाटल्या सारख्या अंतराने ठेवा, पावणेदोन तासांनी पहिली काढून आपटा, नाही झालं तर पंधरा मिनिटांनी दुसरी, असं करत जा. कुठल्या तरी दोन बाटल्यांच्या मध्ये तुमची वेळ असते. पाचही बाटल्या सारख्या वागणार नाहीत, त्यातली एखादी कारण नसताना आधीच गोठेल, हा नशिबाचाच भाग आहे, ठिपका कधी टिकेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही. बाटली जितकी मोठी आणि जितका जास्त वेळ ती गार राहील तितकी शक्यता वाढते. म्हणून कार्यक्रम असेल तेव्हा मी कधीही एकच बाटली ठेवत नाही, पाच ठेवते आणि तीन जमल्या की खूश.

थर्मामीटर असेल तर अजून सोपं. वायरचा प्रोब असलेले स्वस्त डिजिटल थर्मामीटर मिळतात, पण तो प्रोब पाण्यात बुडवू नका, तोच विरजण होतो. बाटलीला बाहेरून मध्यावर चिकटपट्टीने लावा, वरून थर्मोकोलचा तुकडा दाबा. आधी बर्फ आणि पाण्याच्या लगद्यात बुडवून शून्य दाखवतोय का ते तपासा, माझा दीड अंश खोटं बोलायचा आणि मी तीन महिने त्याच्यावर विश्वास ठेवून होते.

फ्रॉस्ट फ्री फ्रीज असेल तर त्याची वेगळी तऱ्हा. त्यात दिवसातून एक-दोनदा आतला हीटर लागून कॉइलवरचा बर्फ वितळवला जातो, तेवढा वेळ थंडाई बंद आणि फ्रीझर थोडा गरम होतो, नेमकी तुमची बाटली त्या वेळात असेल तर अर्धा तास इकडचं तिकडे. यावर उपाय नाही, दुसरी बाटली हाच उपाय. शिवाय उन्हाळ्यात घरात पंधरा वेळा फ्रीझर उघडला जातो. आमच्याकडे सासूबाईंना मटार हवे असतात, मग खोवलेला नारळ, मग मुलाला बर्फ, प्रत्येक वेळी गरम हवा आत आणि मटारची पिशवी बाटलीवर धाडकन. दारावर कागद चिकटवा, "दोन तास उघडू नये", आणि तो कुणी वाचणार नाही हे गृहीत धरा. कंप्रेसरच्या थरथरीमुळे गोठतं असं बरेच जण सांगतात, मला तसा अनुभव नाही, बारीक थरथर बाटली निमूट सोसते. आणि गुरुवारी हा प्रयोग ठेवू नका, पुण्यात देखभालीची कामं गुरुवारी निघतात आणि लाइट कधी जातील आणि कधी येतील याचा नेम नाही.

आता दुसरी तक्रार, आपटून काही होत नाही. बहुतेक वेळा पाणी पुरेसं गार झालेलंच नसतं, मायनस १ किंवा २ ला असतं, तेवढ्यावर आपटण्याचा परिणाम होत नाही. आपटल्यावर पाण्यात क्षणभर बारीक पोकळ्या होतात आणि मिटतात, त्या मिटताना जो दाबाचा झटका बसतो त्याने सुरुवात होते, म्हणून नुसतं हलवून उपयोग नाही, ठक्क करून कडक जागेवर आपटायला हवी, ओट्यावर किंवा फरशीवर, सतरंजीवर नाही (गणपतीत मी सतरंजीवर आपटत होते, आता सांगायला हरकत नाही). तरीही नाही झालं तर आपटत बसू नका, हळूच झाकण काढा आणि बर्फाचा एक छोटा खडा आत टाका. पाणी शून्याच्या खाली असेल तर त्या खड्यापासून बर्फ पसरायलाच हवा, तिथे नशिबाचा प्रश्नच नाही. खडा नुसता तरंगत राहिला तर पाणी गार नाही, विषय संपला, परत फ्रीझरमध्ये.

खरं तर मला विचाराल तर आपटण्यापेक्षा ओतणंच भारी दिसतं. ताटलीत बर्फाचा खडा ठेवायचा आणि वरून बारीक धार धरायची, पाणी पडता पडता गोठतं आणि वारुळासारखा मनोरा उभा राहतो. फक्त बाटलीच्या तोंडाला ओला हात किंवा बर्फ लागू देऊ नका, नाहीतर धार धरायच्या आधीच आतलं सगळं गेलं.

एक तिसरी तक्रार पण आहे जी तक्रार नाहीच, "बर्फ झाला पण कडक नाही झाला, गोळ्यासारखा भुसभुशीत झाला." तसाच होणार. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, ग्रॅममागे ३३४ ज्यूल, आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला ४.२ ज्यूल पुरतात. म्हणजे मायनस ६ च्या पाण्यातला साधारण साडेसात टक्के भाग गोठला की त्यातून निघालेल्या उष्णतेनेच उरलेलं पाणी शून्यावर येऊन थांबतं. अर्ध्या लिटरमध्ये जेमतेम ३८ ग्रॅम बर्फ, पण तो जाळीसारखा सगळीकडे पसरलेला असतो म्हणून अख्खी बाटली गोठल्यासारखी वाटते. सगळंच्या सगळं एका झटक्यात कडक करायचं तर पाणी मायनस ८० ला पातळ ठेवावं लागेल, ते होत नाही. बाटली हातात धरून ठेवायला मुलांना सांगा, आणि थर्मामीटर लावलेला असेल तर आकडा मायनस ६ वरून शून्याकडे चढताना दाखवा. गोठताना पाणी गरम होतं हे बघून मोठी माणसंसुद्धा वाद घालतात.

फ्रीझरच्या भानगडीला कंटाळलेल्यांसाठी माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग, पॉट आइस्क्रीमवाला. ज्यांच्या लहानपणी घरी लाकडी पॉट होता त्यांना आठवत असेल, भोवती बर्फ आणि खडे मीठ भरायचं आणि दांडा फिरवून खांदे दुखवून घ्यायचे. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातलं तर ते मायनस २० पर्यंत सुद्धा जातं, मिठाच्या पाण्याची हद्द मायनस २१ आहे. आपल्याला एवढं नको, आइस्क्रीमच्या मापाने मीठ घालणं हीच इथली नेहमीची चूक, त्यात सगळं गोठून जातं. बर्फाचा चुरा करायचा, थोडं पाणी घालून लगदा करायचा, मूठमूठ मीठ घालत ढवळत राहायचं आणि थर्मामीटर मायनस ८ च्या जवळ आला की थांबायचं. त्यात काचेच्या परीक्षानळ्या, प्रत्येकीत दोन-तीन चमचे पाणी. इथे मात्र मी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरते, प्यायचं नसतं म्हणून चालतं. पाणी थोडं असल्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत गार होतं, नळीत काय चाललंय ते दिसतं, आणि दहातल्या आठ नळ्या माझ्या जमतात. लाइट गेले तरी फरक नाही. नळीची मान लगद्याच्या वर राहू द्या, खारट पाणी आत गेलं तर ती नळी बाद.

सोड्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या सोप्या जातात हे खरं, झाकण उघडलं की गॅस सुटतो, हजारो बुडबुडे होतात, शिवाय गॅस विरघळलेला असताना खाली गेलेला गोठणबिंदू परत वर येतो, त्यामुळे उघडल्या उघडल्या चुरा होतो. पण हे प्लास्टिकच्या बाटलीतच करा. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, काचेची सोडा बाटली फ्रीझरमध्ये विसरलात तर दुसऱ्या दिवशी मटारातून काचा वेचत बसाल, मी बसले आहे.

आणि ज्यांना थंडच नको त्यांच्यासाठी सोडियम ॲसिटेट, ते शेकायचे पॅक मिळतात ना, आतली पत्र्याची टिकली टक्क केली की घट्ट आणि गरम होणारे, त्यातलं. हे ५८ अंशाला वितळतं आणि मग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पातळच राहू शकतं, म्हणजे पाण्याच्या मानाने किती ढळढळीत सुपरकूलिंग बघा. घरी व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून करता येतं, पण अंदाज असू द्या, ४ टक्क्यांच्या एक लिटर व्हिनेगरला ५५ ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो, आणि ते सगळं पाणी आटवून हातात येतं जेमतेम ९० ग्रॅम, घरभर वास सुटतो तो वेगळा. खिडक्या उघडा आणि सासूबाई फिरायला गेल्या की सुरू करा. आटवताना वर साय धरल्यासारखा पापुद्रा आला की लगेच गॅस बंद, एक-दोन चमचे गरम पाणी, पापुद्रा विरघळवून झाकून ठेवा. गार होताना आपोआप घट्ट झालं तर परत तेच, कडेला सुकलेला कण पडला, कडा गरम पाण्याच्या चमच्याने धुवून घ्यायच्या राहिल्या. आणि बोट लावून, कण टाकूनही घट्ट होत नसेल तर पाणी जास्त राहिलंय, परत आटवा.

मुलं हमखास विचारतात याचा उपयोग काय, तेव्हा मी त्यांना आपल्या पुण्यातल्या पाषाणचं नाव सांगते. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरच्या वर हवा शून्याच्या खाली असते, आणि त्या ढगांमधले किती तरी थेंब तिथेही पातळच असतात, विरजणाची वाट बघत. १९४६ साली अमेरिकेत व्हॉनेगट नावाच्या शास्त्रज्ञाने शोधून काढलं की सिल्व्हर आयोडाइडचे कण ढगाला विरजण म्हणून चालतात, कारण त्याच्या स्फटिकाची घडण बर्फाशी जुळते. पाषाणच्या आयआयटीएमने, म्हणजे हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, ढग आणि पाऊस कसा होतो हे बघायला २००९ पासून विमानं उडवून प्रयोग केलेत, पुढे सोलापूरला सुद्धा. तिथले ढग जरा गरम असले तर मिठासारखे पाणी ओढणारे कण वापरतात, तो वेगळा प्रकार, पण प्रश्न तोच, सुरुवात कोण करून देणार.

असो. एवढं करून ज्यांचं अजून होत नसेल त्यांनी मला विचारताना फ्रीज एकदारी आहे की फ्रॉस्ट फ्री, बाटली ठेवली तेव्हा पाणी फ्रीजमधलं होतं की नळाचं, आणि बर्फ पहिल्यांदा कुठे दिसला, एवढं सांगा. नुसतं "ताई होत नाही" म्हणू नका. आणि फोटो काढलात तर मानेचा काढा, पायमोजा काढून.